एकसामयिक समाकल समीकरणं: जवळचं उत्तर कसं काढायचं आणि त्यावर किती विसंबायचं

शाळेत एकसामयिक समीकरणं सोडवताना अज्ञात होत्या दोन संख्या. समाकल समीकरणांच्या जोडीत अज्ञात असतात दोन फलनं (फंक्शन्स), आणि तीही एकमेकांच्या संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) अडकलेली. पहिलं कळल्याशिवाय दुसरं कळत नाही आणि दुसरं कळल्याशिवाय पहिलं. एम.एस्सी.ची मुलं हा विषय 'इंटिग्रल इक्वेशन्स' नावाने शिकतात, परीक्षेत दोन-तीन गणितं सोडवतात आणि पुढे निघतात. मला या लेखात पुस्तकं ज्यावरून घाईने पुढे सरकतात त्या जागी थांबायचं आहे. श्रेणीच्या रूपात उत्तर निघालं, पण ते कुठपर्यंत खरं आहे? मार्कांपुरतं गणित करणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याला ते उत्तर वापरायचं आहे त्याला पडलाच पाहिजे.

आधी लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. चल क्ष, संकलनाच्या आतला चल ट, अज्ञात फलनं य आणि र. ∫ लिहिलं की ० पासून क्ष पर्यंतचं संकलन समजा. मर्यादा वेगळी असेल तिथे तसं सांगेन. घातासाठी ^ हे चिन्ह. श्रेणीतले तुकडे य०, य१, य२ असे लिहिले आहेत.

पहिलं काम: समीकरण कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

संकलनाची वरची मर्यादा क्ष असेल तर ते व्होल्तेरा समीकरण. दोन्ही मर्यादा ठरलेल्या असतील तर फ्रेडहोम समीकरण. इटलीच्या व्हितो व्होल्तेरांचं यावरचं पायाभूत काम १८९६ चं, आणि स्वीडनच्या इव्हार फ्रेडहोम यांचा गाजलेला निबंध १९०३ चा. फरक फक्त मर्यादेचा दिसतो, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. व्होल्तेरा जातीत क्ष पाशी काय घडतं ते फक्त मागच्या इतिहासावर अवलंबून असतं. फ्रेडहोम जातीत प्रत्येक बिंदू सगळ्या बिंदूंशी बांधलेला असतो.

अज्ञात फलन संकलनाच्या बाहेरही असेल तर समीकरण दुसऱ्या प्रकारचं, फक्त आतच असेल तर पहिल्या प्रकारचं. खालच्या सगळ्या रीती दुसऱ्या प्रकारासाठी आहेत. पहिल्या प्रकारातलं व्होल्तेरा समीकरण समोर आलं तर क्ष च्या सापेक्ष अवकलन करा. कर्नलची, म्हणजे संकलनाच्या आत अज्ञात फलनाला गुणणाऱ्या फलनाची, क्ष = ट पाशी किंमत शून्य नसेल तर अज्ञात फलन बाहेर येतं आणि समीकरण दुसऱ्या प्रकाराचं होतं. पहिल्या प्रकारातलं फ्रेडहोम समीकरण मात्र नाजूक असतं. दिलेल्या माहितीतली बारीकशी चूक उत्तरात प्रचंड होऊन येते, म्हणून त्याला या लेखातल्या रीती लावू नका.

तुमच्याकडे मुळात अवकल समीकरणं आणि सुरुवातीच्या किमती असतील तर एकदा संकलन केलं की समाकल समीकरण तयार. दोनदा संकलन करायचं असेल तर दोन संकलनांच्या जागी (क्ष − ट) ने गुणलेलं एकच संकलन चालतं. ही युक्ती पाठच असू द्या. पुढच्या उदाहरणातला कर्नल तिथूनच आला आहे.

हाताने करून पाहायचं पहिलं उदाहरण

य(क्ष) = क्ष − क्ष^४/१२ + ∫ (क्ष − ट) र(ट)
र(क्ष) = क्ष^२ − क्ष^३/६ + ∫ (क्ष − ट) य(ट)

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातले जॉर्ज अडोमियन यांनी रूढ केलेली विघटनाची रीत लावू. य म्हणजे य० + य१ + य२ + ... आणि र म्हणजे र० + र१ + र२ + ... असं समजायचं. संकलनाबाहेर जे आहे तो शून्यावा तुकडा. पुढचा प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याला संकलनात घालून मिळतो.

या गणिताला एकच सूत्र पुरतं: ∫ (क्ष − ट) ट^न = क्ष^(न+२) / ((न+१)(न+२)).

य० = क्ष − क्ष^४/१२
र० = क्ष^२ − क्ष^३/६

आता र० हा य च्या समीकरणात आणि य० हा र च्या समीकरणात:

य१ = क्ष^४/१२ − क्ष^५/१२०
र१ = क्ष^३/६ − क्ष^६/३६०

इथे जरा थांबा. य० मध्ये −क्ष^४/१२ आहे आणि य१ मध्ये +क्ष^४/१२. तसंच र० मधलं −क्ष^३/६ र१ मधल्या पदाने खोडलं जातं. अशा पदांना 'नॉइज टर्म्स' म्हणतात. शून्याव्या आणि पहिल्या तुकड्यात विरुद्ध चिन्हाचं तेच पद दिसलं, तर ते शून्याव्या तुकड्यातून काढा आणि जे उरतं ते मूळ समीकरणात घालून बघा. इथे उरतं य = क्ष आणि र = क्ष^२. ∫ (क्ष − ट) ट^२ म्हणजे क्ष^४/१२, ∫ (क्ष − ट) ट म्हणजे क्ष^३/६. दोन्ही समीकरणं तंतोतंत जुळतात, म्हणजे हे अचूक उत्तर आहे.

घालून बघायची पायरी मात्र गाळायची नाही. पदं खोडली गेली म्हणून उरलेलं बरोबरच असेल असा नियम नाही. तो फक्त एक सुगावा आहे.

हाच सुगावा आधीच वापरला तर श्रम वाचतात. बाहेरच्या पदाचे दोन भाग करा. साधा भाग (क्ष, क्ष^२) शून्यावा तुकडा म्हणून घ्या आणि उरलेला भाग (−क्ष^४/१२, −क्ष^३/६) पहिल्या तुकड्यात टाका. मग य१ = −क्ष^४/१२ + क्ष^४/१२ = ०, र१ही ०, आणि गणित दुसऱ्या ओळीत संपतं. ही सुधारित विघटनाची रीत. विभागणी नेमकी कशी करायची याला पक्का नियम नाही, चार-पाच गणितं केली की नजर बसते.

आता समजा सुगावा लागलाच नाही आणि तुम्ही दोन तुकड्यांवर थांबलात. हाती आलं य ≈ क्ष − क्ष^५/१२० आणि र ≈ क्ष^२ − क्ष^६/३६०. अचूक उत्तर माहीत नसताना चूक किती हे कसं कळणार? शेष काढून. हाती आलेलं उत्तर समीकरणात घाला आणि डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करा. पहिल्या समीकरणात शेष येतो −क्ष^५/१२० + क्ष^८/२०१६०, क्ष = १ ला जवळजवळ −०.००८३. खरी चूकही १ ला १/१२० म्हणजे ०.००८३ इतकीच आहे. पुढचा तुकडा य२ काढून पाहा, तो क्ष^५/१२० − क्ष^८/२०१६० येतो, म्हणजे शेषाचं चिन्ह तेवढं बदललेलं. समीकरणं रेषीय असली (अज्ञात फलनांचे घात किंवा आपसांतले गुणाकार नसले) की हे नेहमीच घडतं: शेष म्हणजे पुढच्या तुकड्याची उलट संख्या. तेव्हा रेषीय गणितात एक तुकडा जास्त काढा, चूक किती याचा अंदाज आपोआप मिळतो.

पिकार यांची क्रमिक आसन्न रीत तुम्हाला ठाऊक असेल: अंदाज घ्यायचा, उजव्या बाजूला घालायचा, नवा अंदाज, पुन्हा घालायचा. रेषीय समीकरणांत बाहेरच्या पदापासून सुरुवात केली तर पिकारचा न-वा अंदाज आणि अडोमियनच्या तुकड्यांची बेरीज एकच असते. होमोटोपी पर्टर्बेशन नावाची रीतही साध्या रूपात इथे तीच श्रेणी देते. म्हणून रेषीय गणितात तीन रीतींनी एकच उत्तर आलं म्हणजे पडताळा झाला असं धरू नका. ते एकच गणित तीन नावांनी केलेलं असतं.

अरेषीय जोडी: एड्रियाटिकमधले मासे

आता खऱ्या गोष्टीकडे. पहिल्या महायुद्धात उत्तर एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी खूप घटली. उंबेर्तो दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाने बंदरांतल्या बाजारांचे आकडे पाहिले तेव्हा त्या वर्षांत शार्क, रे यांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. मासेमारी कमी झाली तर सगळेच मासे वाढायला हवेत, मग शिकारीच जास्त का? हा प्रश्न व्होल्तेरांकडे गेला आणि १९२६ मध्ये त्यांनी भक्ष्य-भक्षकाची समीकरणं मांडली. आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत आले होते. आधी झालेल्या गोष्टींचा परिणाम आजवर कसा रेंगाळतो हा व्होल्तेरांचा आवडता विषय, त्यामुळे पुढे त्यांनी या समीकरणांत संकलनंही आणली.

सगळे गुणक १ घेऊ. य म्हणजे भक्ष्य मासे, र म्हणजे शिकारी मासे, दोन्ही समतोलाच्या पटीत मोजलेले. क हा काळ. सुरुवातीला य = २, र = १. ∫ आता ० पासून क पर्यंत.

य = २ + ∫ (य − य×र)
र = १ + ∫ (य×र − र)

अडचण य×र या गुणाकाराची. श्रेणी गुणिले श्रेणी केल्यावर कुठलं पद कुठल्या तुकड्यात जायचं? अडोमियन यांचं उत्तर सरळ आहे: ज्यांच्या क्रमांकांची बेरीज सारखी, ते गुणाकार एका गटात.

ग० = य०र०
ग१ = य०र१ + य१र०
ग२ = य०र२ + य१र१ + य२र०

गुणाकाराच्या जागी य^२ असता तर य०^२, मग २य०य१, मग २य०य२ + य१^२ असे गट पडले असते. यांनाच अडोमियन बहुपदी म्हणतात. आता हळूहळू चालू.

य० = २, र० = १, ग० = २.
य१ = ∫ (२ − २) = ०. र१ = ∫ (२ − १) = क.
ग१ = २×क + ०×१ = २क.
य२ = ∫ (० − २क) = −क^२. र२ = ∫ (२क − क) = क^२/२.
ग२ = २×क^२/२ + ० − क^२ = ०.
य३ = ∫ (−क^२ − ०) = −क^३/३. र३ = ∫ (० − क^२/२) = −क^३/६.
ग३ = −क^३/३ + ० − क^३ − क^३/३ = −५क^३/३.
य४ = क^४/३. र४ = −३क^४/८.

म्हणजे

य ≈ २ − क^२ − क^३/३ + क^४/३
र ≈ १ + क + क^२/२ − क^३/६ − ३क^४/८

हे दिसायला नीटनेटकं आहे. आता क = २ घाला. य येतो ०.६७. र येतो १ + २ + २ − १.३३ − ६, म्हणजे −२.३३. समुद्रात उणे मासे! मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा एक तासभर आकडेमोडीतली चूक शोधत बसलो होतो. आकडेमोड बरोबर होती. चूक होती ती श्रेणी तिच्या हद्दीबाहेर नेण्याची.

हद्द कशी ओळखायची? भक्ष्य-भक्षक समीकरणांत एक राशी काळानुसार बदलत नाही: य − लॉग(य) + र − लॉग(र), लॉग नैसर्गिक. सुरुवातीला ती २.३०६९ आहे. आपल्या उत्तरातून काढली तर क = ०.२५ ला २.३०६७, क = ०.५ ला २.३०४४ आणि क = १ ला २.२८६२ मिळते. म्हणजे १ पर्यंत चूक एक टक्क्याच्याही आत, असं वाटतं.

इथे फसायला होतं. शेष काढून बघा. सोयीसाठी समीकरण अवकल रूपात घेऊन भक्ष्याचा वेग तपासू: श्रेणीचा अवकलज −२क − क^२ + ४क^३/३, आणि तो य(१ − र) इतका असायला हवा.

क = ०.२५: डावीकडे −०.५४१७, उजवीकडे −०.५३६०. फरक −०.००५७.
क = ०.५: −१.०८३३ आणि −१.००४२. फरक −०.०७९.
क = १: −१.६६६७ आणि −०.९५८३. फरक −०.७१.

क = १ ला वेगच सत्तर टक्क्यांहून जास्त चुकला आहे, तरी अचल राशी एक टक्क्याच्या आत जुळते! कारण आपल्या श्रेणीप्रमाणे तिथे य बरोबर १ येतो आणि नेमक्या त्या ठिकाणी य − लॉग(य) जवळजवळ सपाट असतं. य दहा-पंधरा टक्क्यांनी हलला तरी ती राशी फारशी हलत नाही. भक्ष्याची खरी किंमत क = १ ला १.१५-१.१६ च्या आसपास आहे, आपली श्रेणी १.०० देते. म्हणून अचल राशीचा पडताळा जरूर घ्या, पण निकाल शेषावर द्या. लेख-प्रबंधांत फक्त आलेख एकमेकांवर बसलेले दाखवून थांबतात तेव्हा मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो: शेष कुठे आहे?

श्रेणीच्या पदांकडे बघूनही कळतं. क = १ ला भक्ष्याची पदं −१, −०.३३, +०.३३. पाचवं पद काढलं तर +०.३२. ती लहान होतच नाहीत, आणि अशी पदं मध्येच तोडून काढलेल्या बेरजेवर विसंबता येत नाही.

उपाय: लांब उडी न मारता टप्प्याटप्प्याने

श्रेणी जिथवर खात्रीची आहे तिथे थांबायचं, तिथल्या किमती नव्या सुरुवातीच्या किमती धरायच्या आणि नवी श्रेणी काढायची. यासाठी गुणकांचं सूत्र तयार ठेवा. य चे गुणक अ०, अ१, ..., र चे ब०, ब१, ... असतील तर

ग(न) = अ०×ब(न) + अ१×ब(न−१) + ... + अ(न)×ब०
अ(न+१) = (अ(न) − ग(न)) / (न+१)
ब(न+१) = (ग(न) − ब(न)) / (न+१)

हे स्प्रेडशीटमध्ये बसवायला दहा मिनिटं लागतात. क = ०.५ ला य = १.७२९२ आणि र = १.५८०७. तिथून पुन्हा सुरुवात केली तर य चे पुढचे गुणक −१.००४२, −०.७०५०, ०.७३७५, ०.३६८९ आणि र चे १.१५२६, −०.३७३४, −०.८४८०, ०.०२७५ येतात. आणखी ०.५ पुढे गेल्यावर य = १.१६६, र = १.९५९. एका उडीत १.०० आलं होतं, दोन टप्प्यांत १.१६६. वेगातला शेषही ०.७१ वरून ०.१५ वर आला. ०.१५ मला अजून जास्तच वाटतो. पाव-पावचे टप्पे घ्या आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी शेष लिहा. टप्पा किती लांब हे आधी ठरवायचं नाही, शेष सांगेल तसं ठरवायचं.

दुसरा उपाय म्हणजे श्रेणीचं रूपांतर दोन बहुपदींच्या भागाकारात करणं, म्हणजे पादे आसन्न. श्रेणी जिथे कोलमडते तिथेही भागाकार कधीकधी टिकतो. पण छेद मध्येच शून्य होत नाही ना, हे बघावं लागतं. तिसरा उपाय चीनचे शिजुन लियाओ यांनी १९९२ च्या प्रबंधात मांडलेली होमोटोपी विश्लेषणाची रीत. तिच्यात अभिसरण (श्रेणीचं उत्तराकडे जुळत जाणं) आवरायला एक मोकळा गुणक हाती असतो आणि तो निवडताना पुन्हा शेषच कमीत कमी करावा लागतो.

फ्रेडहोम जोडीत सावध

रेषीय व्होल्तेरा समीकरणांत ठरलेल्या अंतरावर श्रेणी शेवटी जुळतेच, कारण न-व्या तुकड्याच्या मर्यादेत न! (म्हणजे १×२×...×न) छेदात येतो. फ्रेडहोममध्ये असं कुणी वाचवायला येत नाही. हे छोटं उदाहरण बघा, संकलन ० ते १, ल हा स्थिरांक:

य(क्ष) = क्ष + ल ∫ क्ष×ट×र(ट)
र(क्ष) = ल ∫ क्ष×ट×य(ट)

कर्नल क्ष×ट. यातला क्ष संकलनाबाहेर काढता येतो, म्हणून उत्तर य = म×क्ष, र = प×क्ष याच रूपाचं असणार. ∫ ट^२ म्हणजे १/३. तेव्हा म = १ + ल×प/३ आणि प = ल×म/३. शाळेतली एकसामयिक समीकरणं परत आली! म = १/(१ − ल^२/९).

ल = १ ला म = १.१२५, प = ०.३७५. क्रमिक रीत लावली तर म ची किंमत १, १.१११, १.१२३५ अशी चढत तिकडे जाते. ल = ६ ला अचूक उत्तर म = −१/३, प = −२/३. तिथे क्रमिक रीत म ला १, ५, २१ असं नेते. उत्तर आहे, पण रीत तिथे पोचतच नाही. ल = ३ ला तर उत्तरच नाही.

म्हणून फ्रेडहोम जोडी आली की आधी कर्नल असा विभक्त होतो का ते बघा. होत असेल तर श्रेणीच्या वाटेला जाऊ नका, सरळ बीजगणित करा. होत नसेल तर त्याला विभक्त रूपाजवळ आणा. ई^(क्ष×ट) च्या जागी १ + क्ष×ट + क्ष^२×ट^२/२ घेतलं तर ० ते १ मध्ये कर्नलमधली सर्वांत मोठी चूक ०.२२ च्या आत राहते. आणखी एक पद घेतलं की ०.०५२ च्या आत. तुमच्याकडे तीन अज्ञात फलनं आणि प्रत्येकाला चार पदं असली तर बारा रेषीय समीकरणं होतात, ती संगणकाला द्या. आणि क्रमिक रीतच वापरायची असेल तर नवा य हाती येताच र च्या समीकरणात तोच घाला, जुना वापरत बसू नका. अभिसरण होत असेल तिथे ते बहुधा लवकर होतं.

या फ्रेडहोम समीकरणांशी आपल्याकडचं एक नाव जोडलेलं आहे. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्ये यादृच्छिक (रँडम) फलनांच्या विस्तारावर निबंध लिहिला. त्या विस्तारातली मूळ फलनं अशाच एका फ्रेडहोम समीकरणातून येतात. आज हा विस्तार दुसऱ्यांच्या नावाने ओळखला जातो, पण कोसंबी त्यांच्याआधी तिथे पोचले होते. इतिहासकार कोसंबी आपण वाचतो, गणिती कोसंबीही वाचायला हवेत.

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. तेच मासे, पण सुरुवात य = ३, र = १ अशी घ्या. तिसऱ्या तुकड्यापर्यंत य ≈ ३ − ३क^२ − २क^३ आणि र ≈ १ + २क + २क^२ + क^३/३ यायला हवं. क = १ ला य उणे येतो, म्हणजे इथली हद्द आधीच्या उदाहरणाहून जवळ आहे. क = ०.२५ ला य २.७८१ आणि र १.६३०. तिथला शेष काढा आणि पुढचा टप्पा पावाचा घ्यायचा की त्याहून लहान ते ठरवा.